नियमात बसणारा बदल कोणता, ते लिहून द्या: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच ठाणे आणि नवी मुंबई परिसरात दुचाकींची नोंदणी व तपासणी करणारे सर्व अधिकारी

विषय: मोटारसायकलीत करता येणाऱ्या बदलांची मराठीत लेखी यादी, आवाजाची यंत्राने मोजणी आणि परवानगीची सोपी पद्धत मिळण्याबाबत

महोदय,

वागळे इस्टेटमध्ये माझे मोटारसायकल दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या भागांतून लोक गाड्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यातले निम्मे दुरुस्तीसाठी येतात आणि निम्मे आपली गाडी आपल्या उंचीला, कामाला आणि रोजच्या रस्त्याला जुळवून घेण्यासाठी येतात. हे दुसरे काम मी नियमात राहून करतो, त्याचा मला अभिमान आहे, आणि तेच काम आज मला धड करता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

निमित्त असे घडले. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या आणि रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेच्या मोटारसायकलीची सीट मी तिच्या उंचीप्रमाणे खाली करून दिली होती. आतला फोम कापून त्याला नवा आकार दिला आणि वर नवे कव्हर शिवले. चासी, सस्पेन्शन, चाके, दिवे यांपैकी कशालाही हात लावला नाही. सिग्नलला थांबताना तिचे दोन्ही पाय प्रथमच पूर्ण टेकू लागले. पुढे एका नाकाबंदीत तिच्या गाडीवर अनधिकृत बदलाचे ई-चलान झाले. कोणता भाग, कोणत्या नियमाविरुद्ध, याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि विचारल्यावर ‘गाडी मॉडिफाय केलेली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्याच दिवशी तिने मूळ सीट परत बसवायला सांगितली आणि मी ती बसवून दिली. आता ती पुन्हा पावसात, खड्ड्यांतून, कंटेनरच्या शेजारून चवड्यांवर तोल सावरत कामावर जाते. ज्या कारवाईने रस्त्यावरची एक व्यक्ती पूर्वीपेक्षा कमी सुरक्षित होते, ती कारवाई मला मान्य करता येत नाही.

कायदा काय सांगतो ते मी वाचले आहे आणि तो मला मान्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच कलम अधिक स्पष्ट केले: उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावता येणार नाही आणि राज्याचे नियमही या कलमाच्या अधीन राहूनच वाचावे लागतील. त्याच निकालात असेही म्हटले आहे की प्रमाणपत्रातील उरलेल्या गोष्टी बदलता येतात आणि त्या रीतसर नोंदवून घेता येतात. निकालाचा पहिला भाग आपल्या खात्यात सर्वांना पाठ आहे. दुसऱ्या भागाचा उल्लेख माझ्यासमोर आजवर कोणी केलेला नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. शिक्षा इतकी कडक असताना गुन्हा कोणता हे नागरिकाला आधी, लेखी आणि त्याच्या भाषेत कळले पाहिजे, यात काही गैर नसावे.

नोंदणी प्रमाणपत्र हातात घेऊन पाहा. त्यावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंजिनाची घनक्षमता, इंधन, रंग, आसनक्षमता, चाकांच्या आसांमधले अंतर, रिकाम्या गाडीचे वजन असे तपशील असतात. सीटचा फोम, हँडलची ठेवण, सामानाचा कॅरिअर, मोबाइलचा होल्डर, वारा अडवणारी काच यांचा तिथे रकाना नाही. याचा अर्थ या सर्व गोष्टींत वाटेल ते करावे असा मी घेत नाही. हँडल उंच केले तर ब्रेकची नळी, क्लच आणि थ्रॉटलची केबल पुरेशी लांब आहे ना, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर केबल ताणून इंजिनाचा वेग आपोआप वाढत नाही ना, थ्रॉटल सोडताच मूठ झटकन मागे येते ना, हे तपासावे लागते. उंची कमी करण्यासाठी काही जण मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलतात. त्याने गाडी खाली बसते, साइड स्टँड लांब पडून गाडी जवळजवळ उभीच राहते आणि हलक्या धक्क्याने उलट बाजूला कोसळते, शिवाय गतिरोधकावर पोट घासते ते वेगळेच. म्हणून त्या परिचारिकेच्या गाडीला मी लिंक लावली नाही, फोम कापला. हा फरक कारागिराला कळतो, तो तपासणाऱ्यालाही कळावा आणि नियमपुस्तिकेत उतरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

काही कामे मी पैसे घेऊनही करत नाही. कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसिंग गाडीसारखी आखूड शेपटीची गाडी, करण्यासाठी मागची चासी (गाडीचा सांगाडा) कापून गोल पाइप वेल्ड करून मागणारी मुले दर महिन्याला येतात, त्यांना मी परत पाठवतो. चासीचा वेल्ड तुटला तर मागे बसलेला माणूस रस्त्यावर पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण, म्हणजे आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते, असलेच पाहिजे. ते काढून गाडी ‘क्लीन’ करून द्या अशी मागणी वरचेवर होते आणि तिला माझे उत्तर ठरलेले आहे. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरला हात लावत नाही, कंपनीने दिलेल्या मापाबाहेरचा टायर चढवत नाही, आरसे उतरवत नाही. आकड्यांतून ‘दादा’ वाचायला लावणाऱ्या नंबरप्लेटबद्दल तर बोलायलाच नको. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे आणि ती जशी आली तशीच राहिली पाहिजे.

आता आवाजाबद्दल, कारण आपल्या मोहिमा मुख्यतः त्यासाठी असतात आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही तिथेच आहे. रात्री उपवनच्या बाजूला किंवा पाम बीच रस्त्यावर बंदुकीच्या बारासारखे आवाज काढत जाणाऱ्या गाड्यांचा त्रास मलाही होतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलची पट्टी अशी आहे की १० ने वाढ झाली की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे जाळी काढलेला एक सायलेन्सर संपूर्ण इमारतीला जागे करतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो. अनेक गाड्यांत मूळ एक्झॉस्ट काढून टाकला की तोही जातो. अशा गाड्यांवर कठोर कारवाई करा, जप्त सायलेन्सर राज्यातल्या अनेक शहरांत रोडरोलरखाली चिरडले जातात तसे चिरडा, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण आवाज कानाने ठरवू नका. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या आवाजाची मर्यादा ठरलेली असते: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. ही चाचणी चालत्या गाडीची असते. गाडी ठरावीक वेगाने येते, पूर्ण थ्रॉटल देत माइकसमोरून जाते, आणि तो माइक गाडीच्या मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर असतो. नाक्यावर मात्र उभ्या गाडीच्या सायलेन्सरजवळ मोबाइल धरून, त्यातल्या ॲपवर आकडा पाहून, तो ८० च्या वर गेला म्हणून गाडी दोषी ठरवलेली मी स्वतः पाहिली आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. साडेसात मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलात तर हा फरक वीसहून अधिक डेसिबलचा होतो. म्हणजे शोरूममधून त्याच दिवशी बाहेर काढलेली, एकही स्क्रू न बदललेली गाडीसुद्धा या पद्धतीने नापास होईल. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून दंड करणे हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

उभ्या गाडीचा आवाज मोजण्याची स्वतंत्र, मान्य पद्धत आहे: सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, इंजिनाचा वेग ठरावीक फेऱ्यांवर ठेवून. जर्मनीत वाहनाच्या नोंदणीच्या कागदातच उभ्या स्थितीतला डेसिबलचा आकडा आणि तो किती फेऱ्यांवर मोजला ते छापलेले असते. पोलीस रस्त्यावर मोजतो, कागदाशी ताडून पाहतो आणि वाद तिथेच संपतो. तिथे बदली भागांसोबत प्रमाणपत्र येते, ते चालकाने जवळ ठेवायचे असते, आणि ज्या भागाला ते नाही त्याची तज्ज्ञाकडून तपासणी करून कागदात नोंद करून घ्यायची असते. आपल्याकडे हे अशक्य का असावे? वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्याच राज्यात, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे, आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी दुसरी संस्था, सीआयआरटी, भोसरीत आहे. मोजमापाची यंत्रे आणि माणसे परदेशातून आणायची नाहीत.

आवाजी सायलेन्सर मुलाच्या गाडीवरून उतरवून जप्त होतो, त्याला दंड होतो, त्याचे आईवडील चौकीवर हात जोडतात. त्याच रस्त्यावरच्या दुकानात तसाच पंजाब किंवा इंदोरी सायलेन्सर दर्शनी भागात टांगलेला असतो आणि दहा मिनिटांत बसवून मिळतो. ऑनलाइन तर ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असे बारीक अक्षरात लिहून तो घरपोच येतो. नियमाला न जुमानणारी वाहने विकणाऱ्या किंवा त्यांत बदल करणाऱ्या उत्पादक, आयातदार आणि वितरकांसाठी कलम १८२-अ मध्ये एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विक्रीच्या टोकाकडे कायद्याने इतक्या गांभीर्याने पाहिले असताना आमच्या भागात कारवाई जवळजवळ नेहमी खरेदीच्या टोकाला, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपाशी येऊन थांबते, हे मला खटकते.

याचा परिणाम धंद्यावर कसा होतो तेही सांगतो. फोम कापलेल्या सीटला आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरला एकच चलान होणार असेल, तर ग्राहक सरळ म्हणतो, ‘दंड दोन्हीला सारखाच, मग मी आवाजवालाच लावतो.’ हे वाक्य मी माझ्या गॅरेजमध्ये अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी त्याला द्यायला माझ्याकडे आपल्या सहीचा एकही कागद नव्हता. नियम पाळणारा कारागीर ग्राहक गमावतो आणि फुटपाथवर बसवून देणारा कमावतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांना मी रीले आणि फ्यूज लावल्याशिवाय जादा दिवा जोडू नये असे शिकवतो, कारण हेडलाइटच्या तारेतून थेट जोड घेतला की कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, वितळतो आणि गाडी पेट घेऊ शकते. हीच मुले उद्या स्वतःचे दुकान काढतील, तेव्हा असे काम शिकल्याचा त्यांना फायदा झाला पाहिजे, तोटा नव्हे.

दिव्यांचा प्रश्न थोडा अवघड आहे आणि त्यात चूक एकाच बाजूची नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पांढरा झोत मारणारे एलईडी लावून कोपरी पुलावरून येणारे चालक माझ्याही रागाचे धनी आहेत. नियम १११ ने पुढे स्पॉटलाइट लावायला मनाई केली आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीने तो लावता येतो असेही म्हटले आहे. मुरबाडहून पहाटे निघणारा भाजीवाला किंवा पावसाळ्यात माळशेज घाटातल्या धुक्यातून कामासाठी ये-जा करणारा माणूस या अपवादात बसतो की नाही, हे कोणाला विचारायचे? अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे विचारत माझा एक ग्राहक एका कार्यालयात खिडकीमागून खिडकी फिरला आणि शेवटी दलालाने त्याला ‘काही होत नाही, असाच चालव’ असा सल्ला दिला. हेडलाइटच्या उंचीखाली, खाली झुकवलेले, स्वतंत्र बटणाचे आणि शहरात झाकून ठेवायचे दोन दिवे चालतील की नाही, एवढे हो किंवा नाही असे उत्तर हवे आहे.

परवानगीच्या पद्धतीबद्दलही हेच. रंग बदलला, इंजिन बदलले किंवा दोनची गाडी एका आसनाची केली, तर नोंद करून घेतली पाहिजे, हे आम्ही ग्राहकाला सांगतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडेल, हेही सांगतो. कलम ५२ मध्येच विनापरवानगी झालेला बदल १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. पण कळवायला गेलेल्या माणसाला दलालाशिवाय दाद मिळत नसेल, तर तो दुसऱ्यांदा जात नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मोटारसायकलीतील बदलांची तीन भागांची यादी मराठीत, चित्रांसह आणि आपल्या सहीने प्रसिद्ध करावी: परवानगीशिवाय चालणारे बदल, परवानगी घेऊन चालणारे बदल आणि कोणत्याही परिस्थितीत न चालणारे बदल. ती प्रत्येक परिवहन कार्यालयात लावलेली असावी आणि नाक्यावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात असावी. कमी उंचीच्या किंवा पाठीचे दुखणे असलेल्या चालकांसाठी केलेले सीट व हँडलचे सुरक्षित बदल त्या यादीच्या पहिल्या भागात स्पष्ट नमूद करावेत.

आवाजाची कारवाई फक्त प्रमाणित ध्वनिमापकाने, उभ्या गाडीच्या मान्य पद्धतीने व्हावी, आणि मोजलेला आकडा, अंतर व इंजिनाच्या फेऱ्या चलानवर छापल्या जाव्यात. प्रत्येक मॉडेलचा उभ्या स्थितीतला मूळ आकडा उत्पादकांकडून घेऊन सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. तोपर्यंत मोबाइलच्या ॲपवर एकही चलान होऊ नये.

बदलाच्या प्रत्येक चलानवर कोणता भाग आणि कोणता नियम हे लिहिलेले असावे, त्या भागाचे छायाचित्र जोडलेले असावे. नुसते ‘मॉडिफाय केलेली गाडी’ हे कारण ग्राह्य धरले जाऊ नये.

ठाणे आणि नवी मुंबईतील परिवहन कार्यालयांत महिन्यातून एक ठरलेला दिवस बदल केलेल्या दुचाकींच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. अर्ज घेतल्यापासून ३० दिवसांत होकार किंवा कारणासह नकार लेखी द्यावा आणि होकार असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रात करावी.

आवाजी सायलेन्सर विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या दुकानांवर आधी कारवाई करावी. त्यात माझे गॅरेज तपासायचे असेल तर ते केव्हाही, न कळवता येऊन तपासावे. नाकाबंदी सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वाटेवर लावण्यापेक्षा रात्री ११ नंतर जिथून खरोखर आवाज येतो त्या रस्त्यांवर लावावी.

यादी तयार करताना कारागिरांचे म्हणणे ऐकायचे असेल, तर मी आणि माझ्या ओळखीचे इतर गॅरेजवाले आमच्याकडच्या बदल केलेल्या गाड्या कागदपत्रांसह आपण सांगाल तिथे आणून उभ्या करू. त्यातल्या ज्या बदलाला आपण लेखी नाही म्हणाल, तो आम्ही त्याच आठवड्यात स्वखर्चाने काढून टाकू. या पत्राला लेखी उत्तर मिळावे ही विनंती. ते मी गॅरेजच्या दारावर, ग्राहकाला आत येताना प्रथम दिसेल असे लावणार आहे.

आपला,
वागळे इस्टेट, ठाणे येथील एक गॅरेजचालक